सांडलवंड, राख आणि स्वतः साफ होणारा ओव्हन

स्वयंपाकघरातील साफसफाई हा विषय महाविद्यालयाच्या नियतकालिकात यावा काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु रसायनशास्त्राच्या वर्गात आपण जे ज्वलन, विघटन, उत्प्रेरण आणि साबणीभवन शिकतो ते सारे रोज सकाळ-संध्याकाळ घरात घडत असते. फरक एवढाच, की प्रयोगशाळेत परीक्षानळी घासण्याचे काम कोणाचे हे ठरलेले असते आणि घरात ते बहुधा न ठरवताच आईच्या किंवा बहिणीच्या वाट्याला येते.

भांडी घासण्याचे शास्त्र आपल्याकडे जुनेच आहे. तांब्या-पितळेला चिंच, तेलकट भांड्याला चुलीतील राख, आणि तव्यावर काळी पुटे चढली की तो जाळात उपडा टाकून लाल होईपर्यंत तापवणे, हे मराठी घरातल्या चुलीपाशी काय नि कन्नड घरातल्या ओलेपाशी काय, सारखेच चालत आले. यातील प्रत्येक कृतीमागे कारण आहे. चिंचेतील आम्ल धातूवरील ऑक्साइड विरघळवते. राखेत पोटॅशियम कार्बोनेट हा अल्कधर्मी क्षार असतो. तो तुपातेलाचे थोडेफार साबणात रूपांतर करतो. आणि जाळात टाकलेल्या तव्यावरचे पूट जळून त्याची राख होते.

ओव्हनचे मात्र तसे नाही. ती एक मोठी लोखंडी पेटी; ती उचलून मोरीत नेता येत नाही, चिंचेने घासता येत नाही आणि जाळात तर मुळीच टाकता येत नाही. मग तिच्या आत सांडलेले, उडालेले, करपलेले काढायचे कसे? अमेरिकेतील घरोघरी, जेथे ओव्हन हा शेगडीचाच एक भाग असतो, तेथे हा प्रश्न अनेक वर्षे गृहिणींना छळत होता. गुडघे टेकून, डोके आत घालून, कॉस्टिक सोड्याची लेप लावून खरवडणे हाच उपाय होता. त्यावर यंत्रशास्त्राने जे उत्तर काढले ते म्हणजे स्वतः साफ होणारा ओव्हन. गंमत अशी की ते उत्तर तत्त्वतः आपल्या तव्याचेच आहे : जे घासून निघत नाही ते जाळून काढावे.

हा ओव्हन आपल्या भागातील घरांत क्वचित दिसतो. परंतु शिक्षणासाठी अमेरिकेस गेलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना भाड्याच्या घरातील शेगडीवर ‘सेल्फ क्लीन’ अशी कळ हमखास भेटते. शिवाय बेळगाव, पणजी, इंदूर अशा गावांतून आता केक-बिस्किटांसाठी विजेचे लहान ओव्हन पुष्कळ घरी आले आहेत. दोन्हींचे शास्त्र एकच असल्याने ते एकदा नीट समजून घेणे इष्ट.

डाग तयार कसा होतो?

ओव्हनमधील डाग एका जातीचे नसतात. त्यांचे ढोबळ मानाने तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग तुपातेलाचा. रंगारी रंगात जवसाचे तेल मिसळतो, ते वाळते म्हणजे त्यातील पाणी उडून जाते असे नव्हे. तेलाचे रेणू हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून एकमेकांना साखळीसारखे जोडले जातात आणि कडक पापुद्रा तयार होतो. हीच क्रिया ओव्हनच्या भिंतीवर उडालेल्या तेलाच्या थेंबांत होते. उष्णतेमुळे ती महिन्यांऐवजी मिनिटांत पुरी होते. पिवळसर, मग तपकिरी, मग काळा असा तो चिवट थर बनतो आणि साध्या साबणाला दाद देत नाही. बिडाच्या तव्याला तेल लावून आपण जो गुळगुळीत काळा थर मुद्दाम आणतो, तो हाच. तव्यावर जो गुण, तो ओव्हनच्या भिंतीवर दोष!

दुसरा वर्ग साखरेचा. फळांचा रस, गुळाचा पाक, केकचे पीठ उतू गेले की सुमारे १६० अंश सेल्सिअसला साखर वितळून तांबूस होऊ लागते. उष्णता वाढली की तिच्यातील पाणी निघून जाऊन मागे कोळसा उरतो. हा कोळसा फुगीर आणि चिकट असतो, व थंड होताच काचेसारखा घट्ट बसतो.

तिसरा वर्ग पीठ, दूध, चीज यांतील स्टार्च व प्रथिने यांचा. हेही करपून कोळसाच होतात. शिवाय टोमॅटो, लिंबू यांसारख्या आंबट पदार्थांचा रस गरम भिंतीवर राहिला तर त्यातील आम्ल तेथील एनॅमलची झिलई घालवते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नेहमीच्या भाजण्याच्या तापमानाला, म्हणजे १५० ते २५० अंशांच्या दरम्यान, हे डाग तयार होतात व पक्के होतात; जळून नाहीसे होत नाहीत. डाग नाहीसा व्हायचा तर त्याहून पुष्कळ वर जावे लागते.

पावणेपाचशे अंशांची घासणी

अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९६३ साली असा पहिला ओव्हन बाजारात आणला. त्यामागील काम बोहदान हुर्को या अभियंत्याचे. त्याचे पेटंट १९६४ साली मंजूर झाले. या पद्धतीला पायरोलिसिस, आपण म्हणू तापविघटन, असे नाव आहे.

कळ दाबली की ओव्हनचे अंतरंग हळूहळू ४५० ते ५०० अंशांपर्यंत तापते आणि दोन ते चार तास तसेच राहते. एवढ्या उष्णतेत चरबीच्या व साखरेच्या मोठ्या रेणूंचे तुकडे पडतात. त्यांतील हायड्रोजनची वाफ होते, कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि मागे उरते ती कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींच्या क्षारांची चिमूटभर करडी राख. ओव्हन निवाल्यावर ती ओल्या फडक्याने पुसून घेतली की काम झाले.

वाचताना हे सोपे वाटते. घडवताना अनेक अडचणी होत्या. पहिली अडचण भिंतीची. आतील पोलादी पत्र्यावर एनॅमलचा, म्हणजे काचेचाच, मुलामा असतो. तो पत्र्यावर ८०० अंशांच्या आसपास भाजून बसवलेला असतो, म्हणून पावणेपाचशेला वितळत नाही. मात्र काच आणि पोलाद तापल्यावर सारख्याच प्रमाणात फुगले नाहीत तर मुलाम्याला तडे जातील. त्यामुळे काचेचे मिश्रण फार विचारपूर्वक ठरवावे लागते.

दुसरी अडचण धुराची. आतून निघणारा धूर तसाच खोलीत सोडला तर घरात राहणे अशक्य होईल. म्हणून धुराच्या वाटेवर एक तापलेली उत्प्रेरक जाळी बसवतात. तिच्यावर अर्धवट जळलेल्या वायूंचा बराचसा भाग पुरता जळतो.

तिसरी अडचण दाराची. आत साचलेली चरबी तापून वायुरूप झालेली असते, पण हवा बेताची असल्याने ती भडकत नाही. अशा वेळी कोणी दार उघडले तर ताजी हवा आत शिरून एकदम भडका उडेल. म्हणून सुमारे ३०० अंशांच्या वर तापमान गेले की दाराची खिट्टी बंद राहते आणि ते पुन्हा खाली येईपर्यंत उघडत नाही. जुन्या ओव्हनमध्ये ही खिट्टी हाताने सरकवावी लागे. पुढे ते काम लहान मोटर करू लागली. दार उघडत नाही म्हणून जोर लावणारा माणूस स्वतःच्या संरक्षणाशीच झगडत असतो.

चौथी गोष्ट, अडचणीतून निघालेला एक फायदा. बाहेरचे लाकडी कपाट तापू नये म्हणून या ओव्हनला उष्णतारोधक थर जाड द्यावा लागतो. त्यामुळे रोजच्या भाजण्यात उष्णता कमी वाया जाते. अर्थात साफ करण्याच्या एका फेरीला तीन-चार युनिटांपासून पुढे वीज लागते. दर आठवड्याला कळ दाबली तर हा फायदा कोठल्या कोठे जाईल.

दोन धाकटी भावंडे

या पद्धतीखेरीज आणखी दोन पद्धती प्रचारात आहेत. ड्यू पाँट कंपनीतील अल्विन स्टाइल्स या रसायनशास्त्रज्ञाच्या नावे १९६६ साली उत्प्रेरक भिंतीच्या ओव्हनचे पेटंट नोंदले गेले. यात भिंतीचा मुलामा गुळगुळीत नसून सच्छिद्र व खरखरीत असतो आणि त्यात मँगॅनीजसारख्या धातूंची ऑक्साइडे मिसळलेली असतात. उडालेले तेल त्या छिद्रांत पसरते आणि उत्प्रेरकाच्या साहाय्याने नेहमीच्याच भाजण्याच्या तापमानाला, सुमारे २०० अंशांच्या वर, हळूहळू जळत राहते. वेगळी फेरी नको, दाराला कुलूप नको. परंतु ही भिंत फक्त तुपातेलाच्या शिंतोड्यांची दासी आहे. साखरेचा पाक तिच्यावर पडला की छिद्रे बुजतात आणि तो भाग निकामी होतो. अशा भिंतीला तारेची घासणी, साबण किंवा फवाऱ्याचे औषध कधीही लावू नये.

तिसरी पद्धत वाफेची. तळाशी थोडे पाणी ओतून ओव्हन अर्धा-पाऊण तास बेताचा तापवतात. वाफेने डाग मऊ होतात आणि हाताने पुसावे लागतात. ताज्या डागांना ही चांगली. वर्षभराच्या काळ्या थरापुढे तिचे काही चालत नाही. विकत घेताना तिन्ही प्रकारांवर ‘स्वतः साफ होणारा’ हीच चिठ्ठी असू शकते, म्हणून माहितीपुस्तिका वाचून आपला प्रकार कोणता ते आधी पाहावे.

कळ दाबण्यापूर्वी

‘स्वतः’ या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. यंत्र जाळते, काय जळू द्यायचे आणि काय नाही, हे माणसालाच ठरवावे लागते.

सांडलेले तूप, साय, पाक यांचे मोठे थर आधी हाताने काढावेत. थर जितका जाड तितका धूर अधिक, आणि आत जाळ होण्याचा संभवही अधिक. थाळ्या, साचे, जाळीच्या मांडण्या बाहेर काढाव्यात. क्रोमचा मुलामा असलेल्या मांडण्या एवढ्या उष्णतेत काळवंडतात आणि पुढे नीट सरकत नाहीत. दाराभोवती काचतंतूंची विणलेली पट्टी असते. ती घासू नये, कारण ती फाटली तर उष्णता बाहेर झिरपते. फवाऱ्याचे औषध लावून वर पायरोलिसिस करणे ही तर मोठी चूक. भिंतीवर उरलेला कॉस्टिक सोडा त्या उष्णतेत एनॅमलच खाऊन टाकतो.

खिडक्या उघडाव्यात, धूर ओढणारा पंखा लावावा, लहान मुलांना व दम्याच्या रोग्यांना दूर ठेवावे. अर्धवट जळणाऱ्या चरबीतून ॲक्रोलिन हा डोळे झोंबवणारा वायू आणि थोडा कार्बन मोनॉक्साइडही निघतो. आणि घरात पोपट, लव्हबर्ड असे पक्षी असतील तर त्यांना आधी दुसऱ्या घरी हलवावे. ही सूचना भावनेची नव्हे. पक्ष्यांच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने अखंड वाहते आणि रक्तात फार त्वरेने शोषली जाते. त्यामुळे माणसाला नुसता खोकला आणणारा धूर पक्ष्याचा जीव घेऊ शकतो. त्यातही टेफ्लॉनचा लेप दिलेले भांडे आत राहिले असेल तर परिस्थिती फारच बिकट. हा लेप साडेतीनशे अंशांच्या वर झपाट्याने विघटन पावतो आणि त्यातून निघणारे वायू पिंजऱ्यातील पक्षी काही मिनिटांत मारतात; माणसालाही तापासारखा आजार होतो.

आणखी एक व्यवहारी सल्ला. सणाच्या किंवा पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी ही कळ दाबू नये. एवढ्या उष्णतेने एखादा फ्यूज वा दाराची खिट्टी बिघडली तर ऐन वेळी ओव्हन बंद पडतो. आधी चार-आठ दिवस करावे आणि आपण घरी व जागे असताना करावे.

सांडल्यावरची पहिली दहा मिनिटे

खरे पाहता ओव्हनच्या स्वच्छतेचा निकाल सांडल्यावर लगेच लागतो. पदार्थ बाहेर काढला, ओव्हन बंद केला. आता तो हात लावण्याइतका कोमट होताच ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. या वेळी तेलाची साखळी पुरती जुळलेली नसते आणि साखरेचा पुरता कोळसा झालेला नसतो. हेच दुसऱ्या दिवशीच्या भाजण्यानंतर करू म्हटले तर पाच मिनिटांचे काम तासाचे होते.

भाजणे चालू असतानाच पाक उतू गेला व धूर येऊ लागला, तर त्यावर जपून मूठभर मीठ टाकावे. मीठ तो द्रव शोषून घेते, धूर कमी होतो आणि निवाल्यावर खपली उलथन्याने सुटते. तापलेल्या दाराच्या काचेवर किंवा एनॅमलवर थंड पाणी मात्र टाकू नये. एक भाग आकसतो, शेजारचा फुगलेलाच राहतो, आणि काच तडकते.

आत प्रत्यक्ष जाळ दिसला तर? दार उघडू नये. बटण बंद करावे व दार लावलेलेच ठेवावे. आतील ऑक्सिजन संपला की जाळ आपोआप विझतो. पाणी ओतणे हा सर्वांत वाईट उपाय, कारण तापलेल्या तेलात पाण्याची क्षणार्धात वाफ होऊन जळते तेल चहूकडे उडते. जाळ विझत नाही असे दिसले तर घराबाहेर पडून अग्निशामक दलाला बोलवावे.

जुन्या डागासाठी खाण्याच्या सोड्याची पाण्यात कालवलेली लेप रात्रभर लावून ठेवावी. सोडा सौम्य अल्कधर्मी असल्याने थर मऊ करतो. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फसफस करण्याची रीत हल्ली फार लोकप्रिय आहे. पण आम्ल आणि अल्क यांनी एकमेकांना मारले की उरते बहुतांशी खारट पाणी. फेस पाहून समाधान वाटते, साफ काही होत नाही. आधी सोडा, तो पुसल्यावर उरलेल्या पांढऱ्या डागाला व्हिनेगर, हा क्रम शास्त्राला धरून आहे.

तळाशी ॲल्युमिनियमचा कागद अंथरू नये. तो उष्णता अडवतो आणि तापून एनॅमलला चिकटतो. त्याऐवजी खालच्या मांडणीवर एक थाळी ठेवली की सांडलेले तिच्यात पडते. आणि थाळी मोरीत नेता येते!

आपल्या घरातील लहान ओव्हन

आपल्याकडील विजेचे लहान ओव्हन बहुधा २५० अंशांपर्यंतच तापतात. तेव्हा ‘रिकामा ओव्हन पूर्ण तापवला की डाग जळून जातील’ ही समजूत चुकीची आहे, हे आता वाचकांच्या ध्यानात येईल. अडीचशे अंशांना डाग जळत नाही, अधिक पक्का होतो.

या ओव्हनची स्वच्छता हातानेच करावी. प्लग काढावा, पूर्ण निवू द्यावा, तळाची चुऱ्याची थाळी दर वेळी झाडावी, भिंती सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसाव्यात. तापणाऱ्या कांड्यांवर पाणी वा साबण जाऊ देऊ नये. कॉस्टिक सोड्याचा फवारा येथे वापरू नये; आतील पत्र्यावर जस्ताचा वा ॲल्युमिनियमचा मुलामा असेल तर सोडा तो विरघळवून टाकतो. मायक्रोवेव्ह असेल तर काम त्याहून सोपे. वाटीभर पाण्यात लिंबाची फोड व लाकडी चमचा ठेवून तीन-चार मिनिटे तापवावे आणि वाफेने मऊ झालेले डाग पुसावेत. चमचा अशासाठी, की पाणी न उकळता अति तापून एकदम उसळू नये.

गोव्यातील पोदेराच्या लाकडी भट्टीचे उदाहरण येथे आठवते. जाळ आतच करायचा, निखारे बाजूला ओढायचे, तळ झाडायचा आणि त्याच तळावर पाव भाजायचे. अशा भट्टीच्या आतल्या विटा कोणी घासत बसत नाही. रोजचा जाळच त्यांना साफ ठेवतो. अमेरिकेच्या अभियंत्यांनी हेच तत्त्व पोलादी पेटीत, काचेच्या मुलाम्यात आणि विजेच्या तारेत बसवले. ते श्रम खरोखरीच मोठे आहेत, कारण त्यांनी असंख्य स्त्रियांच्या हातांवरचा कॉस्टिक सोडा दूर केला.

पण यंत्राने घासणे वाचवले, लक्ष देणे वाचवले नाही. थर आधी काढणे, भांडी बाहेर घेणे, खिडकी उघडणे, पिंजरा हलवणे ही कामे कोणत्याही कळीला येत नाहीत. ती घरातील जो कोणी ओव्हन वापरतो त्याची आहेत. केक ज्याने खाल्ला त्याने फडके हाती घ्यावे, एवढा साधा नियम घरोघरी पाळला गेला तर पावणेपाचशे अंशांची गरज वर्षातून एक-दोनदाच भासेल.